कपाळ आणि कोठा



म्हसवडात इतिहासावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा बहुधा ठरलेली असते. नागोजी माने आणि १६९७ सालचा संताजी घोरपड्यांचा वध, सिद्धनाथाचे देवालय आणि मार्गशीर्षातील रथ, किंवा फार झाले तर १८७६-७७ चा दुष्काळ आणि त्यात मदतकाम म्हणून हाती घेतलेला राजेवाडीचा तलाव. यांपैकी दुष्काळाकडे आम्ही शेवटी येणारच आहोत. परंतु आजचा आमचा विषय सरदारांचा नाही. सरदार आणि त्याचा मोतद्दार या दोघांच्याही वाट्याला सारखेच आलेले एक साधे दुखणे, त्याचा इतिहास आम्ही सांगणार आहोत.

घरात कोणी कपाळ धरून बसले की वडीलधारे माणूस पहिला प्रश्न काय विचारते? "पोट साफ झाले का?" दुखते ते डोके, आणि चौकशी होते ती पोटाची. हा प्रश्न आला कोठून? त्यात तथ्य किती? आणि ज्या मुलखात पाण्याचा हंडा दोन-दोन कोसांवरून डोक्यावर आणावा लागे, त्या मुलखात या प्रश्नाचा खरा अर्थ काय होतो? एवढ्या तीन गोष्टींचा विचार आज करावयाचा आहे. विषय चारचौघांत बोलण्यास थोडा संकोचाचा आहे, हे आम्ही जाणतो. पण तो संकोच हेच आमच्या आजच्या कथेतील एक मुख्य पात्र असल्यामुळे त्याला बाहेर बसवून कथा सांगता येणार नाही.

आरंभ चरकसंहितेपासून करू. तिच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय शरीराच्या वेगांविषयी आहे. वेग म्हणजे शरीराने आपल्याला मारलेली हाक. मल, मूत्र, वायू, वांती, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप, श्रमाने लागलेली धाप इत्यादी एकूण तेरा वेग तेथे मोजले आहेत, आणि ते अडवू नयेत असे बजावले आहे. प्रत्येक वेग अडविल्याने काय होते तेही क्रमाने सांगितले आहे. मलाचा वेग अडविला तर पक्वाशयात आणि डोक्यात शूळ उठतो, वायू आणि मल कोंडतात, पोटऱ्यांत गोळे येतात आणि पोट फुगते. उपाय म्हणून शेक, तेल चोळणे, कोमट पाण्यात बसणे, वर्ती आणि बस्ती सांगितले आहेत. याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात त्रिमर्मीय नावाचा अध्याय आहे. शिर, हृदय आणि बस्ती ही शरीराची तीन मर्मे. याच अध्यायात उदावर्ताचे, म्हणजे खाली जावयाचा वायू अडून वर उलटण्याचे वर्णन येते आणि शिरोरोगांचाही विचार येतो. कपाळ आणि कोठा यांची सांगड आपल्याकडे अशी फार जुनी आहे.

मात्र चरकाच्या म्हणण्यातील एक बारकावा ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व इतिहास त्याच्याभोवती फिरतो. या अध्यायात दोष दिला आहे तो मल अडविण्याच्या कृतीला. कोठ्यात राहिलेल्या मळाचे विष होऊन ते मस्तकात चढते, असे तेथे म्हटलेले नाही. शरीराने हाक मारली आणि माणसाने ऐकली नाही, हे त्या दुखण्याचे मूळ.

हे ज्ञान मराठी घरांपर्यंत वैद्यांच्या मुखातून आले आणि मुद्रणाचा काळ आल्यावर ग्रंथांतूनही आले. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी वाग्भटाचे अष्टांगहृदय संपादून १८८० मध्ये मुंबईत प्रसिद्ध केले. त्यातही वेग अडविण्याचे परिणाम चौथ्या अध्यायात आले आहेत. पुढे शंकर दाजी शास्त्री पदे (१८६७-१९०९) यांच्या 'आर्यभिषक्' या ग्रंथाने वनस्पती आणि औषधे यांची माहिती सामान्य गृहस्थाच्या फडताळात नेऊन ठेवली. परंतु शास्त्र घरात शिरते तेव्हा सगळेच्या सगळे शिरत नाही. त्यातले सोपे तेवढे आत येते. सुंठेच्या काढ्यातून एरंडेल, रात्री हिरडा किंवा त्रिफळा, कधी सोनामुखी, आणि कपाळावर सुंठेचा लेप, हे घरोघर रुजले. रविवारी सकाळी नाक दाबून मुलांना एरंडेल पाजण्याची चाल तर आपल्यापैकी वडील मंडळींनी स्वतः अनुभवलेली असेल. 'अडवू नये' हा मूळ उपदेश मागे पडला आणि 'ढाळक घ्यावे' एवढाच उरला. उपदेश पाळावयाचा तर दिनचर्या बदलावी लागते, ढाळक घ्यावयाचे तर वाटीभर काढा पुरतो. माणूस सोपे तेच उचलणार!

ज्या काळात कुंट्यांचा वाग्भट छापला गेला, त्याच सुमारास पॅरिसमध्ये याच प्रश्नाला निराळे वळण लागत होते. जंतूंमुळे रोग होतात हे पाश्चर आणि कॉख यांच्या शोधांनी नुकतेच सिद्ध झाले होते. तेव्हा आतड्यात कोट्यवधी जंतू आहेत, तेथे अन्न कुजते, तर त्यातून विष निर्माण होऊन ते रक्तात मिसळत असलेच पाहिजे, असा तर्क निघाला. शार्ल बुशार या वैद्याने १८८७ मध्ये यावर ग्रंथ लिहिला आणि 'स्वविषबाधा' ही कल्पना रूढ केली. डोकेदुखी, थकवा, चिडचिड, निरुत्साह, सर्वांचे खापर मोठ्या आतड्यावर फुटले. पाश्चर संस्थेतील मेचनिकॉफ, ज्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते तर मोठे आतडे हा मनुष्यदेहातील निरुपयोगी आणि अपायकारक अवशेष मानीत, आणि आंबवलेल्या दुधाची शिफारस करीत. दह्याताकावर वाढलेल्या आपल्या लोकांना त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. परंतु लंडनमध्ये सर आर्बथनॉट लेन हे नामांकित शस्त्रवैद्य याच्याही पुढे गेले. बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडीच ते कापून काढू लागले! १९१३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर मोठी चर्चा झाली, आणि तीत या मताचे कैवारी होते तसे कडवे विरोधकही होते.

शास्त्रज्ञ वाद घालीत होते तोवर व्यापाऱ्यांचा निर्णय झालेला होता. पोटासाठी फसफसणारे क्षार आणि कपाळासाठी बाम यांच्या जाहिराती त्या काळच्या नियतकालिकांत येऊ लागल्या. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी अमृतांजनचा उद्योग १८९३ मध्ये सुरू केला तो मुंबईतच. अस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आले. एका हाताने कपाळाला बाम आणि दुसऱ्या हाताने पोटात क्षार, अशी दुहेरी व्यवस्था मध्यम स्थितीतील कुटुंबांत स्थिर झाली.

याच सुमारास या दोन्ही दुखण्यांनी पछाडलेला एक बॅरिस्टर दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग येथे राहत होता. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. आपल्या आत्मकथेत गांधीजींनी हे सारे मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांना बद्धकोष्ठ होते, अधूनमधून डोके दुखे, आणि ढाळक घेऊन ते कसेबसे दिवस काढीत. मँचेस्टरला न्याहारी न करणाऱ्यांची एक मंडळी स्थापन झाल्याचे त्यांच्या वाचनात आले. इंग्रज माणूस फार वेळा आणि फार खातो, असे त्या मंडळीचे म्हणणे. गांधीजी तेव्हा तीन वेळा भरपेट जेवीत आणि शिवाय दुपारचा चहा घेत. त्यांनी सकाळची न्याहारी सोडली. काही दिवस जड गेले, पण डोकेदुखी समूळ गेली.

आता येथे खरी गंमत आहे. डोकेदुखी गेली, बद्धकोष्ठ मात्र राहिले! लुई कूने या जर्मन निसर्गोपचारकाच्या पद्धतीने त्यांनी कटिस्नाने केली, त्यांनी थोडा आराम पडला. नंतर अडोल्फ युस्ट याचे पुस्तक वाचून पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधली, तेव्हा गुण आला. गांधीजींनी यावरून काढलेला निष्कर्ष असा की आपण गरजेपेक्षा अधिक खात होतो. इतिहासाचा अभ्यासक मात्र आणखी एक गोष्ट टिपून ठेवील. कोठ्यातील विषामुळेच जर कपाळ दुखत असते, तर कोठा तसाच असताना कपाळ बरे झाले नसते. एका माणसाच्या अनुभवाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु दोन दुखणी जोडीने राहतात म्हणून एक दुसऱ्याचे बाप ठरत नाही, एवढे त्यावरून समजते. पुढे १९४६ साली गांधीजींनी पुण्याजवळ उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे केंद्र उभारले, आणि माती-पाण्याचे हे उपचार महाराष्ट्रातील खेड्यापर्यंत येऊन पोहोचले.

आपल्या शेजारचे आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होते. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता. स्वतः ते नेमाने नमस्कार घालीत, आणि संस्थानच्या शाळांतून त्यांनी ते सुरू केले. मुंबईतला व्यापारी बाटली विकत होता त्या काळात एक संस्थानिक आपल्या प्रजेला फुकटचा व्यायाम शिकवीत होता. हालचालीने कोठा चालता राहतो, हे आजचे वैद्यकही मान्य करते.

आता मूळ वादाचा निकाल पाहू. तो अमेरिकेत लागला. वॉल्टर अल्वारेझ या वैद्याने १९१९ मध्ये असे मांडले की विषाची कल्पना करण्याची गरजच नाही. गुदाशय भरून ताणला गेला की तेथील मज्जातंतूंमार्फतच ही लक्षणे उमटतात. त्याने साधा प्रश्न विचारला. विष जर रक्तात भिनलेले असेल, तर पोट साफ होताच घटकाभरात माणसाला मोकळे कसे वाटते? दारू चढलेला मनुष्य रिकामा पेला पाहून शुद्धीवर येतो काय? १९२२ मध्ये डोनाल्डसन याने हे प्रत्यक्ष करून पाहिले. काही निरोगी पुरुष सुमारे चार दिवस शौचास गेले नाहीत. डोके जड होणे, चिडचिड, जिभेवर थर, अन्नावरची वासना उडणे, सारे प्रकार झाले. बस्ती देताच ते झपाट्याने ओसरले. मग त्याने गुदाशयात नुसता कापूस भरून पाहिला. कापसात विष कोठले? तरीही काही तासांत तीच लक्षणे दिसू लागली!

या प्रयोगाने पॅरिसची स्वविषबाधा मोडीत निघाली. पण ध्यानात घ्या, चरकाचे म्हणणे मोडीत निघाले नाही. वायू वर उलटतो ही त्याची परिभाषा आजच्या शरीरशास्त्रात जशीच्या तशी बसत नाही. त्याचे निरीक्षण मात्र टिकले. वेग अडविला की डोके दुखते, एवढे तो म्हणाला होता, आणि कापसाच्या प्रयोगाने नेमके तेवढेच दाखविले.

आजचे ज्ञान याच्या थोडे पुढे गेले आहे. आतड्याला स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे आहे. मेंदूत जे सिरोटोनिन नावाचे द्रव्य डोकेदुखीच्या संदर्भात महत्त्वाचे मानतात, त्याचा सुमारे ९० टक्के साठा आतड्यात असतो. अर्धशिशीचा झटका आला की जठराचे कामही मंदावते, म्हणून उशिरा घेतलेली गोळी लवकर लागू पडत नाही. नॉर्वेतील एका प्रांतात चाळीस हजारांहून अधिक रहिवाशांची पाहणी होऊन २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोटाच्या तक्रारी असणाऱ्यांत डोकेदुखी अधिक आढळली. मात्र ही गोष्ट बद्धकोष्ठ असणाऱ्यांत दिसली तशी जुलाब असणाऱ्यांतही दिसली. तुंबलेला कोठा हेच एकमेव कारण असते तर वाहत्या कोठ्याच्या माणसाचे डोके का दुखावे? तेव्हा पुष्कळदा ही दोन दुखणी बापलेक नसून भावंडे असतात. पाणी कमी पिणे, वेळी-अवेळी जेवणे, अपुरी झोप आणि मनावरचा ताण, ही त्यांची समाईक आईबापे.

काही वेळा तर औषधच जोडी जमवून देते. कोडीनसारखी वेदनाशामके आणि अर्धशिशी टाळण्यासाठी देतात ती अमिट्रिप्टिलिनसारखी औषधे कोठा बांधतात. रक्त कमी असलेल्या बाईचे डोके दुखते, तिला लोहाच्या गोळ्या मिळतात, आणि त्यांनी मलावरोध होतो. म्हणून ती गोळ्या बंद करते, आणि रक्त कमीच राहते. गोळ्या टाकून न देता वैद्याला ही अडचण सांगावी, म्हणजे मात्रा किंवा प्रकार बदलून देता येतो. महिन्यातून दहा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्याला त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते, हेही आता सिद्ध आहे. एकाएकी उठलेली भयंकर डोकेदुखी, ताप आणि ताठलेली मान, हातापायातली शक्ती जाणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, शौचावाटे रक्त किंवा विनाकारण वजन घटणे, यांपैकी काही असेल तर एरंडेलाची बाटली बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा. तेथे "पोट साफ झाले का?" या प्रश्नात वेळ दवडू नये.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९७२ मध्ये डेनिस बर्किट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील खेडूत आणि इंग्लंडमधील लोक यांची तुलना प्रसिद्ध केली. कोंड्यासकट धान्य खाणाऱ्या खेडुताचा कोठा सहज आणि लवकर साफ होतो, असे त्यांना दिसले. त्या हिशेबाने पाहिले तर माणदेशाला बद्धकोष्ठ माहीतच असू नये! बाजरीची आणि शाळूची भाकरी, हुलगा, मटकी, घेवडा, यांहून चांगला आहार बर्किट साहेबांनाही सुचला नसता. मग येथील बायकांना कपाळाला फडके बांधून चुलीपुढे का बसावे लागे?

याचे उत्तर ताटात सापडत नाही. ते तांब्यात सापडते. कोंडा पोटात गेला की त्याला पाणी लागते, नाहीतर तोच कोंडा आत घट्ट होऊन बसतो. आणि पाणी तर येथे कायमचेच तोलूनमापून. पावसाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, माणगंगेचे पात्र वर्षातले कित्येक महिने कोरडे. १८७६-७७ च्या मदतकामांवर काय किंवा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडताना आणि बांध घालताना काय, बाई उन्हात दिवसभर राबली. १९७२ ला मिलोची भाकरी आणि सुकडी मिळाली, भाजीपाला दिसेना. अंगातले पाणी घामावाटे गेले, आणि लांबून आणलेल्या हंड्यातले पहिले पाणी पोरांना, दुसरे जनावरांना, उरले तर तिला.

त्यात भर आडोशाची. परसाकडे जावयाचे ते पहाटे तांबडे फुटण्यापूर्वी किंवा रात्री अंधार पडल्यावर. मधल्या बारा-चौदा तासांत शरीराने हाक मारली तरी ती ऐकावयाची नाही. हाक येऊच नये म्हणून पाणी कमी प्यावयाचे, भाकरी अर्धी खावयाची. चरकाने अडवू नयेत म्हणून सांगितलेले मल, मूत्र, भूक आणि तहान हे चारही वेग ती एका दिवसात अडवीत होती. आणि संध्याकाळी कपाळ ठणकू लागले की घरचे विचारीत, "पोट साफ झाले का?" प्रश्न बरोबर होता. परंतु तो विचारणाऱ्या घराने, गावाने आणि सरकारने त्याचे उत्तर आपल्यापाशी आहे हे ओळखले नव्हते.

ओळखणारे थोडे होते. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हातात खराटा घेऊन गावोगाव स्वच्छता शिकविली. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झाले, ते आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियान आले. घरोघर शौचालये बांधली गेली, आणि ही फार मोठी गोष्ट झाली, यात संशय नाही. परंतु त्याच काळात पहाटे शिट्ट्या वाजवीत फिरणारी 'गुड मॉर्निंग' पथकेही निघाली. ज्या घरी शौचालय नाही, किंवा आहे पण टाकायला पाणी नाही, त्या घरच्या बाईची अंधारातली एक वेळही या शिट्टीने हिरावून घेतली. २०१२-१३ च्या दुष्काळात जेथे प्यायलाच पाणी टँकरचे होते, तेथे शौचालयात बादली कोण ओतणार? भिंती आणि दार म्हणजे शौचालय नव्हे. पाणी असेल तर शौचालय. ऊसतोडीला गेलेल्या मजूरणीची खोपी, आठवडा बाजारात भाजी घेऊन बसलेली बाई, मेंढरांमागे फिरणारी धनगरीण, एस. टी. स्थानकावर ताटकळणारी प्रवासी, आणि शाळेतले शौचालय बंद असल्यामुळे सकाळपासून पाणी न प्यालेली मुलगी, या सर्वांचा हिशेब अजून पुरा व्हावयाचा आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. घरात कोणाचे डोके दुखले तर "पोट साफ झाले का?" हा प्रश्न खुशाल विचारा. दोन हजार वर्षे टिकलेला प्रश्न आहे, तो अगदीच खुळा नाही. पण त्याच्यापुढे आणखी तीन प्रश्न जोडा. आज पाणी किती प्यालीस? वेळेवर जेवलीस का? आणि जावेसे वाटले तेव्हा जायला जागा होती का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर घरात मिळेल. तिसऱ्याचे उत्तर नगरपालिकेने, शाळेने, बाजार समितीने आणि कारखान्याने द्यावयाचे आहे, आणि ते त्यांच्याकडून मागून घेणे हे आपणा नागरिकांचे काम आहे.

जाता जाता चरकाकडेच वळतो. न अडवावयाचे तेरा वेग सांगून झाल्यावर त्याच अध्यायात त्याने अडवावयाचे वेगही सांगितले आहेत. लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, निर्लज्जपणा, मत्सर, या मनाच्या वेगांना मात्र आवर घालावा, असे तो म्हणतो. आपण समाज म्हणून नेमके उलटे करीत आलो. लोभाला आणि अहंकाराला मोकळे रान दिले, आणि उन्हातान्हात राबणाऱ्या बाईला मात्र देहाचा साधा वेग लाजेखातर बारा-बारा तास दाबून ठेवावयास लावले. हा उलटा व्यवहार सुलटा होईल, तेव्हा माणदेशातली पुष्कळ कपाळे बाम न लावता उतरतील.